उत्तरेच्या दरबारी

भग्न नगर पाहावयास एकट्याने जाऊ नये, असे माझे मत अनुभवांती बनले आहे. एकटा मनुष्य अवशेषांपुढे उभा राहिला म्हणजे त्याला उगीचच काव्य स्फुरू लागते. पडकी भिंत, तिच्यातून डोकावणारा पिंपळ, कालाचा महिमा, वैभवाची नश्वरता इत्यादी ठरीव उद्गार त्याच्या मुखावाटे बाहेर पडतात, आणि ज्या भिंतीकडे पाहून ते पडले ती भिंत कोणाची, कोणत्या कामासाठी उभारलेली, तिच्यावर छप्पर होते काय आणि असल्यास ते गेले कोठे, हे साधे प्रश्न विचारावयाचे राहूनच जातात. याउलट भिन्न भिन्न व्यवसायांत हयात घालविलेले काही स्नेही बरोबर असले, तर त्यांच्या वादावादीत काव्यास अवसर मिळत नाही हे खरे, परंतु भिंत मात्र बोलू लागते.

आमच्या मंडळींत महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही सारे रावसाहेब म्हणतो, आणि जगातील कोणत्याही भूभागाकडे, मग तो चित्रातला का असेना, ते सातबारा वाचावा तशा नजरेने पाहतात. ताई सार्वजनिक बांधकाम खात्यात अभियंता होत्या. पुलांचे खांब आणि इमारतींचे स्लॅब यांवर त्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडली. सर हे निर्मळच्या बाजूचे सामवेदी ख्रिस्ती शिक्षक, आणि नाखवा हे पाचूबंदरचे कोळी. समुद्र हा ज्याच्या बोलण्यात कर्ता असतो, मनुष्य नव्हे, अशा जातीचे. या मंडळींनी मिळून युरोपातले एखादे पुरातन शहर पाहावे, त्यातही लिस्बनला जावे, असा बेत कित्येक महिने घाटत होता. सहल कंपनीचा आकडा, व्हिसाची कागदपत्रे आणि ताईंचे गुडघे या तिहेरी कारणांनी तो लांबत चालला, तेव्हा रावसाहेबांनी सूचना मांडली की, पोर्तुगीजांनी वसविलेले, त्यांच्याच मंडळींनी दोनशे पाच वर्षे नांदविलेले एक संबंध नगर आपल्या तालुक्यात पडून आहे. ते आपण कधी नगर म्हणून पाहिले आहे काय? आम्ही सर्व जण वसईचे. किल्ल्यात शाळेच्या सहलीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत प्रत्येक निमित्ताने गेलेलो. परंतु नगर म्हणून पाहिले होते, असे छातीवर हात ठेवून कोणासही म्हणता येईना.

लिस्बन न घडल्याचे दुःख हलके करणारी एक गोष्ट सरांनी त्याच वेळी सांगितली, ती वाचकांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेल्या भूकंपाने, त्यापाठोपाठ उसळलेल्या लाटांनी आणि मागून लागलेल्या आगीने लिस्बन शहराचा मध्यभाग धुळीस मिळाला, आणि मार्किस द पोंबाल या मंत्र्याने तो सरळ रस्त्यांचा, एकसारख्या इमारतींचा असा नव्याने आखून घेतला. वसईचे नगर त्यापूर्वी सोळा वर्षे पोर्तुगीजांच्या हातून गेलेले होते. ते भूकंपात पडले नाही आणि नव्या तऱ्हेने बांधलेही गेले नाही. म्हणजे भूकंपापूर्वीच्या पोर्तुगीजांची नगररचना पाहावयाची, तर लिस्बनच्या त्या सरळ रस्त्यांपेक्षा वसईच्या झाडोऱ्यात ती अधिक सापडण्याचा संभव! लिस्बनला भूकंपात छप्पर कोसळलेले कार्मोचे कॉन्व्हेंट मुद्दाम तसेच राखून ठेवले आहे, आणि प्रवासी ते तिकीट काढून पाहतात. तशी बिनछपराची देवालये आपल्या किल्ल्यात ठायी ठायी उभी आहेत.

बहुतेक लोक वसई रोड स्टेशनावर उतरून, बसने वा रिक्षाने पारनाक्यावरून किल्ल्यात जातात. नाखवांचा या मार्गास ठाम विरोध होता. जे गाव दर्याकडे तोंड करून बसले आहे त्याच्या पाठीमागून कशाला शिरावयाचे, असा त्यांचा सवाल. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान माणसांस व वाहनांस घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली आहे. आम्ही उलट दिशेने रेल्वेने भाईंदर गाठले आणि खाडीतून आपल्याच गावी परदेशी पाहुण्यासारखे परत आलो. हा द्राविडी प्राणायाम सार्थकी लागला, असे मी निःसंशय सांगतो. पाण्यावरून प्रथम तटाची काळसर रेघ दिसते, मग तीवरून डोके काढणारे ताड, आणि त्यांच्या मधून सेंट जोसेफच्या देवालयाचा मनोरा. गोव्याहून येणाऱ्या कप्तानास, मस्कतच्या व्यापाऱ्यास आणि अनेक महिन्यांच्या सागरप्रवासाने जर्जर झालेल्या पाद्र्यास हे नगर पहिल्याने असेच दिसले असेल. नगराचा दर्शनी दरवाजा तोच, पोर्तुगीजांचा सागरी दरवाजा, ज्याला आपले लोक दर्या दरवाजा म्हणतात. दुसरा जमिनीकडचा, तो भुई दरवाजा. दर्या दरवाज्याची सागवानी दारे लोखंडी खिळ्यांनी मढविलेली होती, आणि भरतीचे पाणी तटाच्या जवळपास येत असल्याने होड्या थेट नगराच्या उंबरठ्याशी लागत. आता तेथे चिखल साचला आहे. तो कसा आणि केव्हापासून साचत गेला याचे नाखवांनी केलेले निरूपण इतके विस्तृत होते की, ते मी येथे गाळतो.

इतिहास थोडक्यात असा. गुजरातच्या सुलतानाचा अंमलदार मलिक तुघान याने येथे कोट बांधला होता. १५३३ च्या जानेवारीत पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याने तो घेऊन पाडला. पुढच्याच वर्षी हुमायूनच्या स्वारीचे सावट डोक्यावर असताना सुलतान बहादुरशहास पोर्तुगीजांशी सख्य करणे भाग पडले, आणि २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहाने वसई, तिच्या ताब्यातील मुलूख आणि बेटे पोर्तुगीजांकडे गेली. या बेटांत मुंबईही होती, ही गोष्ट मुंबईकर सोयीस्करपणे विसरतात. बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावरील शिलालेखात १५३६ हे साल आणि पहिला कप्तान गार्सिया द सा याचे नाव आहे. पुढील दशकांत त्या लहानशा बालेकिल्ल्याभोवती नगर वाढले, आणि नगराभोवती सुमारे साडेचार किलोमीटर घेराचा तट उभा राहिला. गोवा ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी. दीव, दमण, वसई, चौल या पट्ट्याला ते उत्तर प्रांत म्हणत, आणि त्या प्रांताचा मुख्य अधिकारी जेथे राही त्या वसईस मोठ्या ऐटीने उत्तरेचा दरबार.

दरवाज्यातून आत येताच रावसाहेबांनी सूत्रे हाती घेतली. नगर वाचावयाचे तर मध्यापासून कडेकडे वाचीत जावे, कारण पोर्तुगीजांनी ते त्याच क्रमाने मांडले, हे त्यांचे म्हणणे मला पटले. मध्ये मोकळा चौक. चौकाच्या आसपास कप्तानाचा वाडा, नगरसभेची इमारत, तुरुंग, वखार आणि मिझेरिकॉर्दिया. मुख्य देवालय खाडीच्या बाजूस. आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या निरनिराळ्या पंथांचे मठ परस्परांपासून बेताबेताच्या अंतरावर, कारण भिक्षेच्या आणि भक्तांच्या बाबतीत त्यांचे एकमेकांशी नेहमीच गोडीगुलाबीने चालत असे असे नाही. यांपैकी मिझेरिकॉर्दिया हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही. ही गृहस्थांची धर्मादाय संस्था. १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लिओनोर हिच्या पुरस्काराने ती स्थापन झाली, आणि पोर्तुगीज जेथे जेथे गेले तेथे तेथे तिची शाखा गेली. रुग्णालय चालविणे, कैद्यांस अन्न देणे, बेवारशी प्रेतांस मूठमाती देणे, मयतांच्या इस्टेटी वारसांपर्यंत पोहोचविणे ही तिची कामे. ज्या गावात लोक समुद्रावरून येतात आणि कित्येकदा परत जात नाहीत, तेथे या शेवटच्या कामाचे महत्त्व किती असेल, हे कोणाही कारकुनास कळण्याजोगे आहे.

नगरसभा ही दुसरी मुद्दाम पाहण्याची वस्तू. तिच्या दर्शनी भागावरील राजचिन्हे व गोलक यांपुढे रावसाहेब बराच वेळ उभे राहिले. वसई-विरार शहर महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली, त्या वेळी वसईला प्रथमच शहरी कारभार लाभला, अशी समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः रस्ते, बाजारभाव, तटाची डागडुजी आणि कर यांवर निवडलेल्या सभासदांनी वाद घालण्याचा प्रघात येथे सोळाव्या शतकातला आहे. सभासदत्व पोर्तुगीज कुलीनांपुरतेच होते, हे अर्थातच विसरून चालणार नाही.

हे कुलीन लोक, ज्यांना फिदाल्गो म्हणत, जगत कशावर? या प्रश्नाचे उत्तर तटाच्या आत नाही; ते बाहेरच्या भातखाचरांत, केळीच्या बागांत आणि आगरांत आहे. तहाने मिळालेली गावे पोर्तुगीज सरकारने आपल्या माणसांस ठरावीक सालाना रकमेवर, बहुधा तीन हयातींपर्यंत, लावून दिली. धारण करणाऱ्याने घोडा व हत्यारे बाळगावीत आणि बोलावणे येताच चाकरीस हजर व्हावे, ही अट. मौजे कोणते, त्याचा वसूल किती, पूर्वीच्या मुसलमानी अमदानीत तो कसा घेत, याची रीतसर नोंद सिमाव बोतेल्यो या अधिकाऱ्याने १५५४ साली सिद्ध केलेल्या जमाबंदीच्या पुस्तकात आहे. रावसाहेबांच्या मते तो गृहस्थ आपल्याकडील कोणत्याही सेटलमेंट ऑफिसरच्या पंक्तीस बसला असता. आमची मुंबईदेखील अशीच एका माणसाला लावून दिलेली होती: तो म्हणजे गार्सिया द ओर्ता हा वैद्य. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, आणि त्यात आपल्या मुंबईच्या बागेतील वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याविषयी तो मोठ्या कौतुकाने सांगतो. पोर्तुगालहून पाठविलेल्या अनाथ कुलीन मुलींना आंदण म्हणून एखादे पद वा गाव देण्याची चालही या प्रांतात होती. वर मिळे, वराला गाव मिळे, आणि त्या गावच्या रयतेला नवा धनी मिळे. तिची संमती विचारण्याचा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, असे दिसत नाही. वाड्यांच्या चौकटींवरील नक्षी पाहताना ही भातखाचरे डोळ्यांसमोर ठेवली पाहिजेत. पुढे १६६१ साली पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्रजांस दिली गेली, तेव्हा वसईकर फिदाल्गोंनी आणि गोव्याच्या अधिकाऱ्यांनी इतकी खळखळ केली की, प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडले.

आता देवालयांकडे. येथे ताईंनी आम्हां सर्वांस गप्प केले. फ्रान्सिस्कनांच्या देवालयात शिरल्यावर दोन गोष्टी एकदम दिसतात: पायांखाली कोरीव अक्षरांच्या समाधिशिला आणि डोक्यावर आकाश. मात्र वेदीच्या बाजूची दगडी घुमटी शाबूत आहे. सर्वांत पवित्र भाग देवाने राखला, असे एखादा भाविक म्हणेल. ताईंचा खुलासा निराळा. वेदीवर दगडी कमान रचलेली असे, आणि कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडास दाबून धरीत असल्याने बाजूच्या भिंती शाबूत आहेत तोवर ती पडू शकत नाही. मंडप मात्र फार रुंद. त्यावर दगडी कमान रचावयाची तर भिंती दुप्पट जाड कराव्या लागल्या असत्या, म्हणून तेथे सागवानी आढे आणि वर कौले. देखरेख सुटली की कौल सरकते, पाणी शिरते, लाकूड कुजते किंवा कोणीतरी ते काढून नेतो, आणि मंडप उघडा पडतो. कोकणातील जुन्या घराची जी गत तीच याची. १६१८ च्या मे महिन्यात या किनाऱ्यावर आलेल्या प्रचंड वादळात येथील मठांची छपरे उडाली होती; त्या वेळी ती पुन्हा घालण्यास धनी होते, पुढे ते राहिले नाहीत, एवढाच फरक.

जेझुइटांच्या देवालयाचा दर्शनी भाग हा किल्ल्यातील सर्वांत देखणा अवशेष, असे माझे मत. पन्हळीदार स्तंभ, अर्धवर्तुळाकार दरवाजा, वर त्रिकोणी शिखर आणि येशूच्या नावाची अक्षरमुद्रा. रोमन वास्तुशास्त्रातील नियम ज्याने घोकले आहेत, पण हाताखाली ज्याच्या कोकणी पाथरवट आहेत, अशा रचनाकाराचे ते काम वाटते. या पाथरवटांची आणि येथल्या काळ्या दगडाची कीर्ती त्या काळी दूरवर पोहोचली होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझू हे १५९४ ते १६०५ या काळात बांधलेले देवालय, जेथे फ्रान्सिस झेवियरचा देह ठेवला आहे, त्याच्या दर्शनी भागास लागलेला काळा दगड वसईहून गलबतांतून गेला, असे मानतात. झेवियर स्वतः वसईस एकाहून अधिक वेळा येऊन गेला. सेंट जोसेफचे देवालय मूळचे १५४६ चे, आणि १६०१ साली ते पुन्हा बांधल्याचा लेख तेथे होता; त्याच्या मनोऱ्यातील गोल फिरत जाणाऱ्या अरुंद जिन्याने वर जाता येते, पण ताईंनी गुडघ्यांचे आणि मी भित्रेपणाचे कारण सांगून खालीच थांबणे पसंत केले. वर गेलेल्या नाखवांनी खाडी, पाचूबंदर, किल्लाबंदर आणि आपली स्वतःची होडी ही सर्व दिसत असल्याचे ओरडून कळविले.

गोन्सालो गार्सियाच्या नावाने उभ्या असलेल्या देवालयात अजून उपासना चालते. तेथे सर बराच वेळ आमच्यात नव्हते. हा गोन्सालो येथलाच: बाप पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइटांच्या पाठशाळेत शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला, मध्यंतरी व्यापारी झाला, अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू म्हणून दीक्षित होऊन, जपानी भाषा अवगत असल्याने दुभाषी म्हणून पुन्हा जपानला पोहोचला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आणखी पंचवीस जणांसमवेत क्रुसावर मारला गेला. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेला पहिला संत म्हणून कॅथलिक जग त्याला ओळखते. मायभाषा मराठी, धर्मभाषा लॅटिन, राज्यभाषा पोर्तुगीज आणि मृत्यू जपानमध्ये, असा हा सोळाव्या शतकातील वसईकर.

सरांना मी परतताना विचारले की, या नगराविषयी त्यांना आपलेपणा वाटतो की परकेपणा. त्यांचे उत्तर सविस्तर होते आणि त्यात आडपडदा नव्हता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाल्यावर तिचा धाक उत्तरेतही आला. देवळे पाडली गेली, सण-विधींवर बंदी आली, धर्मांतरे प्रेमाने झाली तशी धाकानेही झाली. आपले पूर्वज त्यांपैकी कोणत्या वाटेने गेले हे सांगणारा कागद घरात नाही, आणि असता तरी आज त्यावरून कोणाशी भांडावे असे त्यांना वाटत नाही. ज्यांचे राज्य होते ते गेले, त्यांची भाषाही त्यांच्याबरोबर गेली. धर्म मात्र राहिला आणि तो मराठी बोलू लागला, हे मात्र त्यांनी अभिमानाने सांगितले. वसईच्या ख्रिस्ती समाजातून आलेले, ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले आणि हरित वसईसाठी झगडलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ही घटना सरांच्या दृष्टीने या किल्ल्याच्या इतिहासातलेच एक प्रकरण आहे, आणि मला ते मान्य आहे.

तटाकडे आम्ही सर्वांत शेवटी गेलो, आणि ते बरे झाले, कारण किल्ल्यात येणारा मराठी मनुष्य एरवी तटावरच थांबतो. ताईंनी बुरुजांतील भेद दाखविला. बालेकिल्ल्याचे बुरूज गोल, नगराच्या तटाचे कोनाकृती, भाल्याच्या फाळासारखे पुढे आलेले. गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी शत्रू येऊन पोहोचला, तर शेजारच्या बुरुजावरील तोफेला तो दिसत नाही. बुरुजास टोक काढले म्हणजे ही आंधळी जागा नाहीशी होते, आणि प्रत्येक बुरूज शेजाऱ्याच्या भिंतीवर पहारा करू शकतो. इटलीतून निघालेली ही युक्ती युरोपभर पसरली आणि जहाजातून येथे आली. परंतु तट कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी त्यावर माणसे लागतात. १६७४ साली मस्कतच्या अरबांनी किनाऱ्यावर उतरून तटाबाहेरील देवालये लुटली, तेव्हा आतली शिबंदी बाहेर पडण्यास धजली नाही; त्या दिवशीच या दरबाराचे पाणी ओळखावयास हवे होते.

१७३७ ते १७३९ ची मोहीम मराठी वाचकांस सांगावयास नको. गंगाजी नाईक अणजूरकरांची खटपट, साष्टी आणि ठाणे यांचा पाडाव, चिमाजी अप्पांचा निर्धार, सुरुंगांनी उडविलेला सां सेबास्तियाँव बुरूज, मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांची कुमक, खंदकांत पडलेले शेकडो मराठे हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला त्या इतिहासात जे सर्वांहून मोठे वाटते ते सहसा कोणी सांगत नाही, ते म्हणजे १६ मे १७३९ चा कौलनामा. तीन महिन्यांच्या वेढ्यात एवढे रक्त सांडून हाती आलेल्या नगरातील शिबंदीस हत्यारांनिशी, निशाणे फडकावीत, वाद्ये वाजवीत बाहेर पडण्याची मुभा दिली. कुटुंबकबिला आणि हलविता येण्याजोगी चीजवस्त नेऊ दिली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांस उपासनेची मोकळीक कबूल केली. काएतानो द सोझा परेरा याने नगरातर्फे सही केली. ही मंडळी गलबतांतून मुंबईस गेली आणि पावसाळा त्यांनी इंग्रजांच्या आश्रयाने तेथेच काढला. विजेत्याने शब्द पाळला. नाहीतर संत गोन्सालोच्या देवालयात आज दिवा लागता ना!

देवालयांतील घंटा मात्र राहिल्या नाहीत. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरील आणि भीमाशंकराची या घंटा वसईच्या मोहिमेत मिळालेल्या, अशी परंपरा आहे. ज्या नाखवांचा देव समुद्र, त्यांना घंटा कोठेही वाजली तरी चालते. सरांनीही यावर स्मित करण्यापलीकडे काही म्हटले नाही.

पुढचा इतिहास उतरणीचा. मराठ्यांनी गावाचे नाव बाजीपूर ठेवले, शंकराजी केशव फडके सरसुभेदार झाले, नागेश्वर आणि वज्रेश्वरी यांची देवळे किल्ल्यात उभी राहिली. पण नगर म्हणून ते पुन्हा भरले नाही. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने ते घेतले, सालबाईच्या तहाने ते परत मिळाले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत आपले स्वातंत्र्य इंग्रजांस लिहून दिले. चिमाजी अप्पांनी जे नगर जिंकले त्याच नगरात त्यांच्या नातवाच्या पिढीतील पेशव्याने तैनाती फौज मान्य करावी, याबद्दल रावसाहेबांनी काढलेले उद्गार छापण्याजोगे नाहीत. १८७६ साली जुझे गेर्सन द कुन्या या गोमंतकीय डॉक्टरने चौल व वसई यांच्या पुरातन अवशेषांवर ग्रंथ लिहिला, आणि पुढे ब्राझ फर्नांडिस यांनी समाधिशिलांवरील लेख व चिन्हे जमा केली. या दोघांचे ऋण फार मोठे, कारण त्यांनी वाचलेल्या अक्षरांपैकी कित्येक आज पावसाने आणि पावलांनी झिजली आहेत. १९०९ साली हा किल्ला संरक्षित स्मारक म्हणून घोषित झाला. अलीकडे स्थानिक तरुणांच्या संस्था झाडोरा काढणे, सहली घडविणे, नोंदी ठेवणे ही कामे चिकाटीने करीत आहेत. कोल्डप्ले या विलायती वाद्यवृंदाच्या एका गाण्याच्या चित्रणातही येथील भिंती झळकल्या, आणि लग्नापूर्वीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी तर रविवारी इतकी असतात की, उत्तरेचा दरबार पुन्हा भरल्याचा भास होतो. आम्ही गेलो त्या दिवशी एका वधूच्या पायघोळ झग्याचे टोक समाधिशिलेवर पसरले होते आणि छायाचित्रकार तिला जरा उदास पाहावयास सांगत होता. सरांनी पुढे होऊन तो झगा बाजूस करविला आणि खाली कोण निजले आहे ते तिला वाचून दाखविले. मुलगी खरोखरच उदास झाली, आणि छायाचित्र म्हणे उत्तम आले.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. पावसाळा ओसरून गवत वाळल्यानंतरचे दिवस निवडावेत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. गवतात विहिरी आणि सरपटणारे प्राणी दोन्ही आहेत. सकाळी लवकर जावे, पाणी बरोबर न्यावे, आणि दोन प्रहरी किल्लाबंदराकडे निघावे, जेथे बोंबील वाळत असतात आणि जेवणाचा प्रश्न बहुधा सुटतो. आमचा तो नाखवांच्या घरी सुटला. तेथेच केळीच्या पानात बांधलेल्या वसईच्या सुकेळ्या तोंडात टाकीत रावसाहेबांनी पुढचा ठराव मांडला: चौलजवळचे रेवदंडा. तेथेही पोर्तुगीज नगराचा तट आहे, आणि समोरच्या कोर्लई गावात काही घरांतून आजही पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलतात, म्हणजे वसईस जे उरले नाही ते तेथे ऐकावयास मिळेल. ठराव एकमताने संमत झाला. मतभेद झाला तो जाण्याच्या मार्गावरून, कारण नाखवांचा आग्रह भाऊच्या धक्क्याहून समुद्रमार्गे जाण्याचा आहे आणि ताईंना बोट लागते.